वैष्णवीच्या डोक्यावर हात

उमरखेड
९ मार्च २००६

वैष्णवीच्या बाबाले,

नमस्कार लिवत नाई. नमस्कार कराव असं तुमी काई ठेवलं नाई.

मी माहेरी पोचली. पोचली का रस्त्यात मेली, हे इचाराले तुमी कुत्रंसुद्दा धाडलं नाई, म्हणून मीच कळवून राह्यली. मायनं दारातच इचारलं, "एकटीच? वैष्णवी कुठी हाय?" मी म्हणलं, "बापानं ठेवून घेतली." माह्या मायले तुमी वळखता. विमलताई पायरीवर आलेल्या भिकाऱ्यालेबी धा प्रश्न इचारते. मले तिनं दुसरा प्रश्न इचारला नाई.

हे पत्र एकाच कामासाठी हाय. पोरगी माह्या हवाली करा. तुमच्या घरातलं दुसरं मले काई नको, माह्या लुगड्याची पेटीबी नको. तिचा खोकला अजून गेला नाई. तिले निजताना कोमट पाणी लागते अन् तुमच्या मायले, तुळसाबाईले, एका कानानं ऐकू येत नाई. दुसरीची परीक्षा तोंडावर आली हाय. पाढे कोण घेते तिचे?

फोन काहून नाई केला म्हणसान. केला. दुकानातून दोनदा केला. तुळसाबाईनं उचलला, माह्या आवाज ऐकला अन् धाडकन ठेवला. तेवढं मातर तिले बराबर ऐकू येते. अन् दुकानात फोन कराले गेलं की चार माणसं तराजूसारखे कान लावून बसते. पत्र बरं. पत्राले तुमी पाठ दाखवू शकत नाई. फाडाचं असन तं फाडा, मी दुसरं लिवीन.

गावात तुमी सांगून राह्यले की भांडण त्या बंजाऱ्याचं हाय. चोराच्या उलट्या बोंबा! भांडण सीतादहीचं हाय, हे तुमाले अन् मले ठाऊक हाय. दिवाळीच्या आधी कापसाची पयली वेचणी निंगाली. रीतीपरमानं मी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, हळद-कुकू वाह्यलं, हात जोडले अन् म्हणलं, "सीतामाय, औंदा बियाणं खोटं निंगालं, आता तूच पाव." वेचणाऱ्या बाया मांगं उभ्या होत्या, तुमी धुऱ्यावर, शेताच्या काठाले. मी काय खोटं बोलली? बोंडाबोंडात अळी, हे आंधळ्यालेबी दिसत होतं. पण बियाणं तुमी आणलं होतं, दुकानदाराच्या गोड बोलण्यावर, मी नको नको म्हणत असताना. तुमाले ते चारचौघीत लागलं. मंग तुमी काय काढलं? की पूजेच्या जागी वाकडं बोलू नये, तिथं "घर भरू दे" म्हणा लागते, अन् ही बाई वाकडं बोलली म्हणून पीक गेलं. अळी पोळ्याले पडली, माह्यं तोंड दिवाळीच्या तोंडावर उघडलं. पण तुमाले कोण सांगन?

त्या दिवसापासून तुमचा अबोला. मी हातात ताट घेऊन समोर उभी असाव अन् तुमी पोरीकडं पाहून म्हणाव, "वैष्णवे, तुह्या मायले सांग, वरणात मीठ कमी हाय." माय समोरच! सात वर्साची पोरगी घरातल्या घरात पोस्टमन झाली. एक दिवस शाळेतून आली, दप्तर ठेवलं अन् म्हणते, "आई, आज माह्या घसा दुखते. आज तुमी दोघं काई बोलू नका." मी न्हाणीत जाऊन रडली. तुमी ओसरीत तुरी सोलत होते, तुमी ऐकलं, अन् तुमी तुरी सोलतच राह्यले.

असा तुमचा अबोला दिवाळीपासून फागुनापर्यंत चालला. अन् सुटला कधी? मी कापूस विकून घरी आली त्या दिवशी. एवढ्या महिन्यांनी तुमी माह्या तोंडाकडं पाह्यलं, तोंड उघडलं, अन् पयला शब्द निंगाला तो असा की लिवाले माह्या पेनले लाज वाटते. पोरीच्या समोर. त्यापेक्षा मुकेच बरे होते तुमी.

पोरगी कधी आणून देता ते कळवा.

शीला

•

उमरखेड
१९ मार्च २००६

वैष्णवीच्या बाबाले,

जबाब आला नाई. येईन असं वाटलंबी नोयतं.

पण तुमचा चुलतभाऊ उकंडा चांगला जबाब देऊन राह्यला म्हणते, पारावर बसून, रोज. "वयनी त्या बंजाऱ्यासंगं एका ताटात जेवून राह्यलती, मी माह्या डोयानं पाह्यलं." त्याच्या डोयाले मोतीबिंदू होवो. तो कापसाच्या लाइनीत दोन बैलबंड्यांच्या मधातून डोकावून गेला, मले "वयनी, पाणी आणू का" असंबी इचारलं नाई, अन् बाकीचं त्यानं घरी जाता जाता रस्त्यात तयार केलं. आता माह्या तोंडून ऐका. एकही गोष्ट लपवत नाई, कारण लपवाव असं काई नाईच.

मी कापूस काहून नेला, हे तुमी कोणाले सांगितलं नाई. मधली खोली छपराले टेकेपर्यंत कापसानं भरली होती. भाव चढन म्हणून तुमी बसले होते. याच्यावर मी काई म्हणत नाई, अर्ध्या गावानं घरं भरली होती, लोक ओसरीत निजत होते. पण आपली पोरगी त्या कापसाच्या बाजूले निजत होती अन् खोकलून खोकलून निळी होत होती. डॉक्टर म्हणले, हिले कापसातून काढा नाईतं कापूस घरातून काढा. मी पोरीजवळच निरोप देला, दुसरा रस्ता कुठी ठेवला होता तुमी? तुमी पोरीजवळच जबाब देला, "मायले सांग, माह्या कापसाले हात लावू नको म्हणा." अन् बाभुळगावले बहिणीकडं निंगून गेले, पावणचार खाले.

मंग मी हात लावला. शेजारच्या बायाइनं बंडी भरून देली. पोरीले माह्या मैत्रिणीकडं ठेवलं, बैल जुंपले अन् यवतमाळले नेली बंडी, मी सोता हाकत. गावातले पोट्टे हासत होते. हासू दे. माह्या बापाले पोरगा नोयता, बंडी मलेच शिकवली त्यानं.

कापूस खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची लाइन अशी होती की शेवट दिसत नोयता. दोन-तीन दिवस तं हालतच नोयती. लोक बंडीखाली निजत, तिथंच चूल मांडत. साऱ्या लाइनीत मी एकटी बाई. मांगून आवाज यायचे, "मालक मेला का वं?" मी मनात म्हणलं, मेला असता तं निदान तेरवीले तरी चार माणसं माह्याशी बोलले असते.

माह्या पुढची बंडी देवसिंगची. नेर रोडवरच्या तांड्यातला बंजारा, म्हातारा, दाताची एक बाजू रिकामी. आता त्यानं काय केलं ते नीट वाचा, कारण यासाठीच तुमी माह्या अंगणात मले तो शब्द बोलले. तो माह्याशी बोलला.

बस. हेच केलं त्यानं.

"याडी, बैलाले पाणी पाजलं का?" याडी म्हणजे त्याइच्या बोलीत आई. माह्या बापाच्या वयाचा माणूस मले आई म्हणे. "कोण्या गावची? एकटीच आली? बरं केलं. माणसं आले की नुसत्या बिड्या फुकते." मी हो-नाई करत होती. इतक्या दिवसात कोणी मोठ्या माणसानं माह्याकडं पाहून मले काई इचारलं नोयतं, माह्या तोंडातून शब्द लवकर निंगेचना. मंग त्यानं इचारलं, "कोणतं बियाणं पेरलं होतं?" मी भेत भेत नाव सांगितलं. म्हणलं, आता हाबी तोंड फिरवते का काय. तो असा हासला की त्याचे बैल बिचकले.

"म्हणजे आपण दोघंबी एकाच खड्ड्यात! माह्यी बायको म्हणे, नोको घेऊ रे, नोको घेऊ. म्या घेतलं. मी बैताड, याडी! ती रोज टोमणे मारते. मी ऐकतो. खरं हाय तं ऐका लागन नाई का?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहातच राह्यली. मले वाटलं होतं, माणसाच्या जातीले हे म्हणताच येत नसन. म्हणलं की जीव जात असन, नाईतं मिशी गळून पडत असन. तो म्हणला, अन् त्याले काई झालं नाई, त्यानं बिडी पेटवली.

दुपारी त्यानं तीन दगडावर बेसनाचं चून केलं. त्याच्याजवळ एकच ताट होतं. ते त्यानं मले देलं अन् आपण भाकर हातावर घेऊन खाल्ली. हे उकंड्याचं "एका ताटात". मी पयला घास घेतला अन् त्यानं इचारलं, "मीठ बराबर हाय का, याडी?"

मले रडू आलं. लहान पोरासारखं, नाक गळेपर्यंत. आठ वर्सं मी तुमच्या घरात रांधलं. तिथं मीठ कमी झालं तेव्हा कळवलं गेलं, पोरीच्या तोंडून. मले मीठ बराबर हाय का, असं कोणी इचारलं नोयतं. त्यानं काहून रडतं म्हणून इचारलं नाई. "मिरची जरा जास्तच पडली," म्हणला अन् उठून बैलाकडं गेला, मी तोंड पुसेपर्यंत तिकडंच राह्यला.

पुढचे दिवस आमी बोललो. वांग्याच्या भावावर, त्याच्या नातवावर, माह्या वैष्णवीवर. मले त्या लाइनीत बरं वाटलं. लिवून देते, खाली सई करते. धुळीत, शेणात, लोकांच्या शिट्ट्या ऐकत, तुमच्या घरापेक्षा मले तिथं बरं वाटलं. याले तुमी पाप म्हणत असान तं केलं मी पाप.

अन् खरं सांगू? तुमाले त्या म्हाताऱ्याचा राग आलाच नाई. तुमाले राग आला कापसाचा. तुमचा हुकूम मोडून एका बाईनं बंडी हाकली, कापूस विकला अन् सुखरूप घरी आली, याचा. पण ते चारचौघात कसं सांगणार? बाईवर दुसरंच काई टाकलं की लोक लगेच माना हालवते.

पोरीले आणून द्या.

शीला

•

उमरखेड
२ एप्रिल २००६

वैष्णवीच्या बाबाले,

तुमचे वामनकाका परवा येऊन गेले. जेवले, दोनदा वरण घेतलं, हात धुतले, अन् मंग तुमचा निरोप सांगितला. माणूस वाईट नाई, म्हणून भरल्या पोटी सांगितला.

तं असं हाय म्हणते. येत्या चतुर्थीनंतर सारे कळंबले चिंतामणीच्या देवळात जमाचं. मी वैष्णवीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्याची, की माह्यं अन् त्या माणसाचं काई नोयतं. घेतली तं मी नांदाले परत. नाई घेतली तं काडीमोड, अन् पोरगी कायमची तुमच्याकडं. अन् जमलं तं त्या बंजाऱ्यालेबी साक्षीले घेऊन ये म्हणा.

वा. काय डोस्कं हाय! हे तुमचं नाई, हे तुळसाबाईचं.

काका म्हणले, "शीला, तू खरी हाय तं भेतं कायले? ठेव हात अन् मोकळी हो." मी काकाले तोंडावर काई बोलली नाई, त्याइचं वय पाह्यलं. तुमाले बोलते. आपल्याकडं रीत काय हाय? पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तं पोर जाते. असं म्हणते सारे, अन् तुमचं घर तं पुरं मानते. मी खरी हाय, माह्या हातानं तिचं काई होणार नाई. पण पोरींना ताप येते हो! गोवर येते, पावसाळ्यात पोट बिघडते. अन् हिची छाती आधीच कापसानं धरली हाय. हात ठेवल्यावर पुढच्या महिन्यात तिले ताप आला तं? तुमी सारे खाटेभवती उभं राहून माह्याकडं पाहसान. कोणी बोलणार नाई, नुसतं पाहसान. अन् ती पोरगी? तिले सारं समजते. ती तापात पडून इचार करन, माय खोटी होती का काय, मी मरते का काय. सात वर्साच्या पोरीनं हे डोक्यात घेऊन निजाव?

तिच्या डोक्यावर माह्या हात तेल लावाले जाते. वेणी घालाले जाते. उवा पाहाले जाते. त्या हाताखाली तुमी तिले जामीन म्हणून उभी करता. बाप हाय का कोण हाय?

अन् नाई म्हणलं तं पोरगी गेली. हेबी तुमी बराबर धरलं. तोंड दाबून बुक्क्याचा मार म्हणते तो हाच.

येते मी कळंबले. दिवस कळवा. तिथं काय कराचं ते माह्यं मी पाहीन.

शीला

•

उमरखेड
१३ एप्रिल २००६

वैष्णवीच्या बाबाले,

साक्षीदार पायजे होता ना तुमाले? गेली होती मी त्याले आणाले. मायले संगं घेतलं, एष्टीनं यवतमाळ, तिथून नेर रोडची गाडी, अन् तांडा इचारत इचारत उन्हात पायी. साऱ्या रस्त्यानं मी मनात घोकत होती, त्याले काय सांगाचं. म्हणलं, त्याले किती वाईट वाटन. माह्यासाठी तो कळंबले येईन, साऱ्याइच्या समोर म्हणन, ही बाई माह्या मायसारखी हाय, अन् तुमच्या माना खाली जाईन. असं सारं मी रंगवलं होतं.

देवसिंग लिंबाखाली दोर वळत बसला होता. मी समोर जाऊन उभी राह्यली. हासली. त्यानं डोळे बारीक केले.

"कोण वं, बाई?"

मी म्हणलं, "बाबा, मी शीला. कापसाच्या लाइनीत तुमच्या मांगं बंडी होती माह्यी."

"हो का? बसा, बसा. लाइनीत लई लोक होते, याडी."

"तुमी मले चून-भाकर देली होती."

"देली असन." तो घरात आवाज देऊन म्हणला, "पाणी आण वं, पावणे आले." मंग मलेच इचारते, "बैल कसे होते तुमचे?"

मी म्हणलं, एकाचं शिंग तुटलं हाय.

"अरे हो! तुटक्या शिंगाचा! त्याचा मांगचा खूर सुजला होता. आता कसा हाय तो?"

बैल आठवला त्याले. मी नाई आठवली.

हासा. मले पयले असा राग आला की पाणी न पिता उठावं वाटलं. मी घर सोडलं, पोरगी सोडली, गावभर नाव खराब झालं, अन् ज्या माणसापाई झालं त्याच्या ध्यानातबी नाई की अशी कोणी बाई होती! त्याची बायको पाणी घेऊन आली अन् हासाले लागली. "काई मनावर घेऊ नोको, बाई. हा असाच हाय. बाजारात जाते, साऱ्या दुनियेशी बोलते, साऱ्याइले खाऊ घालते अन् घरी येऊन इसरते. माह्यं बोलणं तेवढं याद ठेवते, बियाण्याचं."

"ते कसं इसरू," तो म्हणला, "तू इसरू देतं का?"

दोघं हासले. माय हासली. मंग मलेबी हासू आलं. अन् हासता हासता माह्या ध्यानात आलं की मी काय घेऊन आलती इथं. मले वाटत होतं, त्या माणसानं मले काई मोठं देलं. त्यानं काईच देलं नोयतं. तो रोज जसा बोलते तसा बोलला, रोज जशी भाकर मोडते तशी मोडली. त्याच्या घरी ते पाण्यासारखं हाय, कोणी मोजत नाई, कोणी ध्यानात ठेवत नाई. अन् माह्यासाठी ते एवढं झालं की मी धाय मोकलून रडली. म्हणजे मी किती उपाशी होती ते पाहा. माह्यी मलेच कीव आली.

तेवढं सस्तं होतं ते. तुमच्या घरात तेवढंबी नोयतं.

निंगताना मी त्याले थोडक्यात सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. म्हणला, "येऊ का मी? सांगतो तुह्या मालकाले." मी नाई म्हणलं. त्याले काई आठवत नाई, तो खोटं तरी कायले बोलन? अन् माह्या चांगुलपणाची साक्ष मी गावोगाव कायले गोळा करत फिरू? मी काय रेशनचं कार्ड काढाले निंगाली?

मी एकटी येते कळंबले.

शीला

•

उमरखेड
१ मे २००६

वैष्णवीच्या बाबाले,

कळंबले काय झालं ते तुमी पाह्यलं, पण तुमी अर्धा वेळ जमिनीकडं पाहात होते. म्हणून एकदा पुरं लिवून ठेवते, म्हणजे पुढं उकंड्यानं पारावर दुसरंच काई सांगू नये.

देवळाच्या पायऱ्या उतरून आमी खाली देवापाशी गेलो. वैष्णवीले तुमी दिवाळीचा फराक घालून आणलं होतं. तेल चोपडून डोकं असं चप्प बसवलं होतं की भांग लांबून दिसत होता. मी हाक मारली तं ती आली नाई. तुळसाबाईनं दंड धरला होता. पोरगी मले पाहून हासलीबी नाई, तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. कोणीतरी तिले आधीच सारं सांगून ठेवलं होतं. मले वाटलं, इथंच तुमच्या साऱ्याइच्या झिंज्या उपटाव्या.

वामनकाका म्हणले, "शीला, ठेव हात."

मी म्हणलं, "ठेवते, काका. पण पयले ज्यानं म्हणलं त्यानं ठेवाव. मी वाईट हाय असं त्याइनं म्हणलं. तं त्याइनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच सांगाव, की मी जे बोललो ते मले खरं वाटते. खरं हाय असं नोका म्हणू. नुसतं, मले खरं वाटते. त्याच्यानंतर मी ठेवीन."

तुळसाबाई ओरडली, "पाह्यलं! कशी फिरवून राह्यली!" पण काका म्हणले, "बराबर बोलते ती. ठेव, रवी."

तुमी पुढं आले. अकडीनं आले. हात वर गेला, तिच्या भांगापाशी आला. अन् तेव्हा मले समजलं. मी हे काय बोलून बसली? ठेवला तं? रागाच्या भरात, चार माणसात नाक राहाव म्हणून, ठेवला तं? जे मी कराले तयार नोयती तेच मी तुमच्या हातानं तिच्यावर आणलं होतं. मी तुमच्या जुगारावर माह्यी पोरगी लावली. मले तुमच्याबद्दल एकच गोष्ट चांगली ठाऊक होती, की तुमी पोरीवर जीव टाकता. ती बाळ असताना घटसर्पाची सुई टोचली तं तुमी दवाखान्याच्या बाहेर जाऊन ओकले होते. त्या एका गोष्टीवर मी पाय ठेवला अन् खाली पाह्यलं नाई.

तुमचा हात तिच्या केसाच्या वर, चार बोटावर, तसाच राह्यला. "ठेव ना रे," तुमची माय म्हणली. उकंडाबी काई तरी पुटपुटला. तुमी हात मांगं घेतला अन् खिशात घातला. पयल्यांदा तुमी जमिनीकडं पाह्यलं.

मंग वामनकाका म्हणले, "झालं. समजलं." अन् माह्याकडं पाहून, "बाई, पोरीले घेऊन जा तू." माय पुढं गेली अन् तिनं तुळसाबाईच्या हातातून पोरीचा दंड सोडवला. पोरगी तशीच उभी होती. तिनं इचारलं, "आता डोळे उघडू का?"

हे तुमी ऐकलं का नाई, मले ठाऊक नाई. तुमी पायऱ्या चढून राह्यले होते.

काल वामनकाकाचा दुकानात फोन आलता. रवी म्हणते म्हणे, झालं गेलं गंगेले मिळालं, तिले म्हणा पेरणीच्या आधी घरी ये, मी काई बोलणार नाई. माह्यी मायबी म्हणून राह्यली, इचार कर, माणूस वरमला हाय, चारचौघात हात मांगं घ्याले मोठं काळीज लागते. खरं हाय. लागते. तो हात मांगं घेतला हे मी जलमभर इसरणार नाई, अन् त्याच्यासाठी मी तुमाले खरंच हात जोडते. पोरगी वाचवली तुमी, माह्यापासून अन् तुमच्यापासून.

पण मी येत नाई. काहून येत नाई ते ऐका, अन् मंग मी परत लिवणार नाई.

तुमाले माह्यावर संशय असता, तं मी आली असती. आईच्यान सांगते. माणसाले संशय येते, लोक कान भरते, डोस्कं फिरते, अन् मंग एक दिवस खरं कळते अन् माणूस रडते. असे संसार सांधले जाते, आमच्या मामाचाच सांधला. पण तुमी हात मांगं घेतला. म्हणजे तुमाले ठाऊक होतं मी चांगली हाय. तिथंच कळलं असं नाई, तिथं कोणी नवीन काई सांगितलं नोयतं. म्हणजे उकंड्यानं येऊन सांगितलं तेव्हाबी ठाऊक होतं. अंगणात पोरीच्या समोर तो शब्द काढला तेव्हाबी ठाऊक होतं. पारावर लोक हासत होते तेव्हा ठाऊक होतं, काकाले निरोप घेऊन उमरखेडले धाडलं तेव्हा ठाऊक होतं. तुमी माह्यावर एक दिवस संशय घेतला नाई. पुरा इस्वास ठेवून तुमी मले मातीत घातलं.

संशय निंगते हो. हे कसं निंगन?

वैष्णवीचं नाव इथल्या शाळेत टाकलं हाय. खोकला उतरला. तिले भेटाले येत जा, मी आडवी येणार नाई. चहा ठेवीन. आले की तिच्याशी तिचं बोला, अन् माह्याशी काई काम असन तं मले सांगा.

दिवसा या.

शीला